काळबादेवीचा एक दिवस : सूत, कापड आणि थोडा इतिहास

मराठी समीक्षेची निम्मी परिभाषा कापडबाजारातून उसनी आणलेली आहे, असे म्हटले तर वर्गातले विद्यार्थी हसतात. परंतु आपण नेहमी वापरतो ते शब्द एकदा ओळीने मांडून पाहावेत. कथेचा 'पोत', कादंबरीची 'वीण', प्रसंगांचे 'धागेदोरे', निवेदनातला 'ताणाबाणा', 'कथासूत्र', नाटकातला 'सूत्रधार', कवितेतली 'गुंफण'. 'ग्रंथ' हा शब्दसुद्धा गुंफणे, गाठ मारणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. जुन्या पोथ्यांची सुटी पाने दोऱ्याने बांधून ठेवत, ही गोष्ट ध्यानात घेतली की तो शब्द अगदी शब्दशः खरा वाटू लागतो. 'पोत' हा मुळात कापड चिमटीत धरून, अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चोळून पाहणाऱ्याचा शब्द आहे. आज तो वापरणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी वायल आणि केंब्रिक यांतला फरक डोळे मिटून सांगितला आहे? हा प्रश्न आम्ही एका चर्चेत अगदी सहज विचारला आणि त्याचे उत्तर देता देता आमची एक दिवसाची सहल ठरली.

निमित्त तसे व्यावहारिकच होते. विद्यार्थ्यांसाठी गोधडी, भरतकाम आणि क्रोशा यांची एक छोटी कार्यशाळा घ्यायची होती आणि तिच्यासाठी सामान हवे होते : मांजरपाट, अस्तराचे कापड, रंगीत रिळे, भरतकामाच्या लड्या, लोकरीच्या गुंड्या, क्रोशाच्या सुया, लेस, मणी आणि बटणे. पुण्यात यातले काही मिळत नाही असे मुळीच नाही. रविवार पेठेतला कापडगंज आहे, बोहरी आळी आहे, तुळशीबाग आहे. बुधवार पेठेतला पासोड्या विठोबा तर आपल्या नावातच कापडबाजाराची आठवण सांभाळून बसला आहे. त्या देवळापाशी पासोड्या विकल्या जात म्हणून देवाला हे नाव पडले, असे सांगतात. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाडेभरडे दुहेरी पांघरूण. विक्रेते गेले, पासोडी पांघरणारे गेले, तरी विठोबाचे नाव तेच राहिले. पुण्यातल्या देवांची नावे हा एक स्वतंत्र विषय आहे, त्यात शिरण्याचा मोह येथे आवरतो. तरीही मुंबईला जायचे ठरले, कारण पुण्याचे दुकानदार स्वतः जिथून माल आणत आले तो बाजार आम्हांला पाहायचा होता.

पुण्याहून सकाळी निघून मुंबईत खरेदी करायची आणि रात्री घरी जेवायला परत यायचे, ही कल्पना आज साधी वाटते. तिलाही एक इतिहास आहे. भोर घाटातून रेल्वेमार्ग खुला झाला तो 1863 मध्ये. त्याच वर्षी गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. या शहराची वस्ती, बाजार, व्यापार, चालीरीती यांचे मराठीतले ते पहिले विस्तृत चित्रण आहे आणि वाढत्या शहराविषयीचे कुतूहल त्याच्या पानोपानी दिसते. दख्खनची राणी सुरू झाली 1 जून 1930 रोजी. आरंभी ती केवळ आठवड्याच्या अखेरीस धावे आणि तिला पहिला व दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसरा वर्ग जोडला गेला जून 1955 मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षे ही गाडी सर्वसामान्य माणसाची नव्हतीच. सव्वासातची गाडी पकडून मुंबईला जायचे, लग्नाचा बस्ता किंवा दुकानाचा माल घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे, हा पुण्याच्या मध्यमवर्गाचा आणि लहान व्यापाऱ्यांचा परिपाठ त्यानंतरचा आहे. आम्हीही याच गाडीने गेलो. सोबत रिकाम्या पिशव्या आणि एक लांबलचक यादी होती.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून चालत निघाले की दहा मिनिटांत क्रॉफर्ड मार्केट लागते. त्याला महात्मा जोतिबा फुले मंडई हे नाव मिळून अनेक वर्षे झाली, तरी टॅक्सीवाल्याला जुनेच नाव लवकर कळते. मुंबईचे पहिले नगरपालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात, 1869 मध्ये, ही इमारत पूर्ण झाली. तिच्या दारावरील शिल्पपट्टीवर शेतात कामाला लागलेली माणसे आहेत. हे काम जॉन लॉकवुड किपलिंग यांचे. ते सर जे. जे. कलाशाळेत शिकवीत आणि हिंदी कारागिरीविषयी त्यांना मनापासून आस्था होती. त्यांचा मुलगा रडयार्ड याचे साहित्य आपण अभ्यासक्रमात वाचतो, वडिलांचे काम मात्र भाजी घेताना डोक्यावरून जाते. आमच्यातले दोघेतिघे तेथे मान वर करून उभे राहिले तेव्हा हमालांनी बाजूला होण्यास सांगितले, आणि ते रास्तच होते.

समोर शेख मेमन रस्त्याच्या तोंडाशी मंगळदास मार्केट. सर मंगळदास नथुभाई यांचे नाव घेतलेला हा छताखालचा बाजार म्हणजे अरुंद गल्ल्यांचे एक जाळे आहे. दोन्ही बाजूंना उंचावर बसलेले दुकानदार, त्यांच्या मागे कापडाचे तागे आणि पुढे मोकळ्या पांढऱ्या गाद्या. त्याच रस्त्याने पुढे गेले की मूळजी जेठा मार्केट. हा मुख्यतः घाऊक बाजार. येथे किरकोळ गिऱ्हाइकाकडे जरा कुतूहलाने पाहतात. 'किती तागे?' या प्रश्नाला 'सहा वार' हे उत्तर ऐकून एका वयस्क दुकानदाराने आम्हांला हसतच मंगळदासचा रस्ता दाखवला.

'वार' या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. दशमान पद्धतीचा कायदा झाला 1956 मध्ये. त्यानंतर टप्प्याटप्प्याने शेर, मण, तोळा, मैल व्यवहारातून गेले किंवा म्हणींत जाऊन बसले. कापडाचा वार मात्र पुरता गेला नाही. पावतीवर मीटर लिहिले जाते, पण तोंडी हिशेब बऱ्याचदा वाराचा असतो आणि लुगडे तर नऊवारीच राहते. त्याला कुणी सव्वाआठ मीटरचे लुगडे म्हणणार नाही. कापडाच्या रुंदीला 'पन्ना' म्हणतात. गोधडीसाठी किती पन्न्याचे अस्तर हवे, हे ठरवताना आमच्यातल्या भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांना हा शब्द प्रथमच भेटला आणि त्यांनी तो लगेच वहीत टिपून घेतला. 'तागा', 'थान', 'पन्ना', 'किनार', 'गोट', 'झालर', 'तलम', 'कोरे', 'धुवट' हे सारे शब्द कोशात आहेतच. फरक इतकाच की कोशात ते एका रांगेत निपचित पडलेले असतात आणि येथे एका दुकानातून दुसऱ्या दुकानात ओरडून फेकले जातात. या बाजाराची भाषा मराठी नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. गुजराती, कच्छी, मारवाडी आणि मुंबईची हिंदी यांचे ते मिश्रण आहे. मराठी येथे हमालाची, गिऱ्हाइकाची आणि एके काळी गिरणीत हे कापड विणणाऱ्याची भाषा होती. एकाच वस्तूभोवती भाषांची अशी वाटणी का झाली, याचे उत्तर भांडवल कुणाकडे होते आणि श्रम कुणाचे होते यात आहे, व्याकरणात नाही.

येथून थोड्याच अंतरावर डोंगरी आहे. तेथल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला इंग्रज व्यापाऱ्यांनी त्या ठिकाणाचेच नाव दिले आणि त्यातून 'डंगरी' हा शब्द जगभर गेला. आज तोच शब्द लहान मुलांच्या पोशाखाचे नाव म्हणून परत आला आहे आणि डोंगरीच्या शेजारच्या दुकानांत ती डंगरी टांगलेली दिसते. कालिकतवरून कॅलिको, छींटवरून चिंट्झ, बांधणीवरून बंडाना : कापडाबरोबर शब्द निर्यात झाले आणि पुढे मँचेस्टरचे कापड आयात होऊ लागले तेव्हा दुसरे शब्द आले.

कापसाच्या इतिहासातला मोठा भाग आपल्या परिचयाचा आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला उत्पादन सुरू झाले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेनासा झाला. हिंदी कापसाचे भाव गगनाला भिडले, मुंबईत पैशाचा पूर आला आणि युद्ध संपताच 1865 मध्ये सट्टा कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या. क्रॉफर्ड मार्केटसारख्या भव्य इमारती ज्या मुंबईत उभ्या राहिल्या ती ही चढउतार पाहिलेली मुंबई होती.

आमची सहल खऱ्या अर्थाने थांबली ती काळबादेवी रस्त्यावर.

परदेशी कापडाविषयीची अस्वस्थता मराठीत फार आधीपासून व्यक्त होत आली आहे. लोकहितवादींनी 'प्रभाकर' पत्रात 1848 पासून लिहिलेल्या शतपत्रांत देशी माल वापरावा, इंग्लंडचे कापड घेऊ नये, हा विचार येतो. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी 1872 मध्ये स्वदेशीचे व्रत घेतले आणि 1877 च्या दिल्ली दरबाराला ते हातसुताच्या खादीच्या पोशाखात गेले. जरतारी पोशाखांच्या त्या गर्दीत हा माणूस कसा दिसला असेल, याची कल्पना करण्यासारखी आहे. ऑक्टोबर 1905 मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. तरुण सावरकर तिच्या पुढाकारात होते, टिळक आणि 'काळ'कर्ते शि. म. परांजपे तेथे उपस्थित होते. 31 जुलै 1921 रोजी परळला उमर सोबानी यांच्या गिरणीच्या आवारात गांधीजींनी पेटवलेली होळी तर त्याहून कितीतरी मोठी होती. सोबानी स्वतः गिरणीमालक होते.

या होळ्यांना साहित्यातून मिळालेले सर्वांत गंभीर उत्तर रवींद्रनाथांचे आहे. 1916 मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या 'घरे बाइरे' या कादंबरीत स्वदेशीचा उत्साह गरीब विक्रेत्याच्या पोटावर कसा येतो ते त्यांनी दाखवले, आणि 1921 मध्ये गांधीजींशी झालेल्या वादात, अंगभर कापड नसलेल्या देशात कापड जाळण्याच्या कृतीलाच आक्षेप घेतला. आपल्या वर्गांत हा वाद दोन थोर पुरुषांमधला तात्त्विक मतभेद म्हणून शिकवला जातो. काळबादेवीवर उभे राहिले की त्याला तिसरी बाजू असल्याचे जाणवते. ती ना कवीची, ना महात्म्याची. ती कापड विणणाऱ्या माणसाची आहे.

बाबू गेनू पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. घरची गरिबी, पोटासाठी मुंबई आणि मुंबईत गिरणीतली मजुरी : लाखो मराठी माणसांचा जो मार्ग, तोच त्यांचाही. 12 डिसेंबर 1930 रोजी परदेशी कापडाने भरलेला ट्रक या भागातून पोलीस बंदोबस्तात निघाला. तो अडवण्यासाठी स्वयंसेवक रस्त्यावर आडवे झाले. बाबू गेनू उठले नाहीत आणि ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. वय विशीच्या थोडे पुढे. या भागातल्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे आणि पुण्यात मंडईजवळच्या चौकालाही. पुण्यातल्या चौकाचे नाव गणेशोत्सवामुळे सर्वांच्या तोंडी असते. ते नाव कापडामुळे मिळाले, हे मात्र आमच्या वर्गातल्या मोजक्याच विद्यार्थ्यांना ठाऊक होते.

या घटनेकडे आपण हौतात्म्य म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात एक गुंता आहे आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. परदेशी कापडावरील बहिष्काराचा थेट लाभ मुंबईच्या गिरणीमालकांना होत होता. त्याच गिरण्यांत कामगारांच्या मजुरीवरून 1928 मध्ये महिनोन्‌महिने संप झाला होता. ज्या गिरणीमालाला या माणसाने आपल्या देहाने वाट मोकळी करून दिली, त्या मालाच्या नफ्यात त्याच्यासारख्याचा वाटा नगण्य होता. तरीही तो आडवा झाला. यावरून त्याला भोळा ठरवणारे एक वाचन संभवते, पण ते आम्हांला मान्य नाही. रोज तासन्‌तास धाग्यांमध्ये उभा राहणारा माणूस कापडाचे राजकारण समजत नव्हता, असे म्हणण्याचा अधिकार ते वाचनालयात बसून समजून घेणाऱ्या आम्हांला कसा पोचतो?

1930 हे वर्ष या कथेत वारंवार येते. दख्खनची राणी त्याच वर्षी सुरू झाली. शंकरराव किर्लोस्करांचे 'स्त्री' मासिक त्याच वर्षी निघाले. आणि त्याच वर्षी देशसेविका संघाच्या स्त्रिया केशरी साड्या नेसून मुंबईच्या कापडबाजारात निदर्शनांना उभ्या राहिल्या. हंसा मेहता, पेरीन कॅप्टन यांची नावे त्या संदर्भात येतात. अवंतिकाबाई गोखले त्याच काळात मुंबईच्या चळवळीत होत्या. गांधीजींचे मराठीतले पहिले चरित्र त्यांचे आहे, 1918 चे, आणि त्याला टिळकांची प्रस्तावना आहे. मराठी चरित्रवाङ्मयाच्या इतिहासात त्याचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकला जातो, ही तक्रार येथे नोंदवून ठेवतो. या चार गोष्टींमध्ये कार्यकारणभाव आहे असा आमचा दावा नाही. योगायोगांतून सिद्धान्त काढण्याची खोड समीक्षेला पुरेशी जडलेली आहे. पण एक चित्र डोळ्यांपुढून हलत नाही : ज्या बाजारात मध्यमवर्गीय स्त्री तोवर बहुधा घरच्या पुरुषाच्या मागून येत होती, त्याच बाजारात ती दुकानाच्या दारात स्वतःच्या निर्णयाने उभी आहे आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवते आहे. एकट्या बाईने बाजारात जाणे या साध्या गोष्टीच्या इतिहासात खरेदीइतकाच खरेदी अडवण्याचाही वाटा आहे.

दुपारी भुलेश्वरच्या बाजूला वळलो. लेस, फिती, जर, टिकल्या, मणी, बटणे यांची ही दुनिया. येथे आमच्या भाषाशास्त्रज्ञांची वही पुन्हा उघडली. 'फीत' पोर्तुगीज, 'इस्त्री' पोर्तुगीज, बटणाचे 'काज'ही पोर्तुगीजच. गोवा आणि वसई यांच्या वाटेने हे शब्द शिवलेल्या कपड्यांबरोबर मराठीत आले. 'कशिदा' आणि 'रफू' फारसीच्या दारातून आले, 'क्रोशा' फ्रेंच. एका शिवणाच्या डब्यात इतक्या भाषा शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांच्यात कधी भांडण झाल्याचे ऐकिवात नाही. मराठीचे स्वतःचे शब्दही तेथे आहेतच : धावदोरा, साखळी टाका, गाठीचा टाका, उसवणे, तुणणे. संत नामदेव शिंपी होते आणि सुई-दोऱ्याने देवाशी नाते जोडण्याची कल्पना त्यांच्या परंपरेला परकी नाही, याचे स्मरण येथे व्हावे.

मात्र सुईविषयी फार भावुक होऊन चालणार नाही. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात सुई दोन्ही बाजूंनी वापरली गेली आहे. पुण्यात 1884 मध्ये हुजूरपागेची शाळा निघाली आणि तेथे मुलींना इंग्रजी, गणित, शास्त्र शिकवले जाऊ लागले. त्यावर 1887 च्या सुमारास टिळकांच्या 'मराठा' पत्रातून जी टीका झाली तिचा सूर असा होता की मुलींना मराठी, नीतिशिक्षण आणि शिवणकाम इतके पुरे. शिवणकाम येथे कुंपण म्हणून येते. उलट पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात विणकाम, छपाई असे उद्योग शिकवले जात ते निराधार स्त्रीला स्वतःच्या पायावर उभे करण्यासाठी. रमाबाई रानड्यांनी 1909 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या सेवासदनातही शिवणकामाचा हेतू तोच होता. म्हणजे एकच सुई एका ठिकाणी मुलीला वहीपासून दूर ठेवण्यासाठी हातात दिली गेली आणि दुसऱ्या ठिकाणी सासरच्या, माहेरच्या दयेवर न जगता चार पैसे मिळवण्यासाठी. पुढे स्त्रियांच्या मासिकांतून विणकामाचे नमुने कथा-कवितांच्या शेजारी छापून येऊ लागले. 'दोन सुलट, एक उलट, धागा पुढे' ही मराठी गद्याची एक अत्यंत काटेकोर शैली आहे. तिच्यात एक शब्द चुकला तर बाही वाकडी होते. गद्यशैलीच्या अभ्यासकांनी तिच्याकडे पाहावे, ही सूचना आम्ही गंमत म्हणून करत नाही.

लोकर हा तर आणखीच निराळा प्रश्न. मुंबईसारख्या घामाच्या शहरात लोकरीची दुकाने चालतात ती प्रामुख्याने तान्ह्या बाळांच्या जोरावर : टोपडी, मोजे, कुंची, झबली. कानपूरची लाल इमली ही 1876 पासूनची गिरणी, पुढे लुधियाना, अशा उत्तरेकडच्या ठिकाणांहून विणायची लोकर महाराष्ट्रात येत राहिली. आज दुकानात 'लोकर' म्हणून मागितली तर हातात येते ते बहुधा ॲक्रिलिक असते. मेंढीशी त्याचा काही संबंध नसतो. आम्ही घेतलेल्या चोवीस गुंड्यांपैकी एकीतही मेंढीचा केस नव्हता. शब्द टिकला, वस्तू बदलली. महाराष्ट्राची खरी लोकर दख्खनी मेंढीची, राठ, काळीकरडी. तिची घोंगडी होते, खड्ड्यातल्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. ती लोकर भुलेश्वरला मिळत नाही. बाळाच्या टोपड्याला ती टोचेल, हे खरेच. परंतु विठ्ठलाच्या खांद्यावर जी घोंगडी आपण कल्पनेने पाहतो ती याच लोकरीची आणि 'लोकर' म्हटल्यावर आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे गुलाबी गुंडी येते.

संध्याकाळच्या गाडीला वेळ होता म्हणून आमच्यातले काही जण लोकलने परळ, लालबागकडे जाऊन आले. तेथे विकत घेण्यासारखे काही नव्हते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला संप, सुमारे अडीच लाख कामगार आणि त्यानंतर हळूहळू बंद पडत गेलेल्या गिरण्या, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. मामा वरेरकरांच्या गिरणीजीवनावरील कादंबरीचे नाव 'धावता धोटा' आहे. आम्ही तिचे नाव वर्गात घेतले तेव्हा 'धोटा' म्हणजे काय, हे सांगावे लागले. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो. नारायण सुर्वे यांना रस्त्यावरून उचलून वाढवले ते एका गिरणी कामगाराने. त्यांच्या कवितेतल्या शहराचा पाया या भोंग्यांवर उभा आहे. जयंत पवारांचे 'अधांतर' 1997 मध्ये आले तोवर धोटा थांबला होता आणि नाटक त्या थांबलेपणाविषयी होते. सकाळी मंगळदासमध्ये घेतलेले कापड कुठले, असे विचारले तेव्हा सुरत, भिवंडी, इचलकरंजी अशी नावे ऐकू आली होती. मुंबईचे नाव कुणीच घेतले नाही.

गाडीत बसल्यावर यादी आणि पिशव्या ताडून पाहिल्या. अस्तर होते, रिळे होती, लड्या होत्या, क्रोशाच्या तीन मापांच्या सुया होत्या, दीड किलो बटणे होती, कारण ती वजनावर मिळतात हे कळल्यावर कुणालाच राहवले नव्हते. गोधडीचे मुख्य कापड मात्र यादीत नव्हते आणि बाजारातही शोधले नव्हते. गोधडी नव्या कापडाची करत नाहीत. तिला वापरून मऊ झालेली लुगडी आणि धोतरे लागतात आणि ती ज्याची त्याने घरून आणायची असतात. कार्यशाळेच्या सूचनेत आम्ही तसे लिहिले आहे : प्रत्येकाने घरातले एक जुने लुगडे किंवा साडी आणावी, आणि ते कुणाचे होते, कधी घेतले, कुठून घेतले, हे घरी विचारून यावे.